आज तळं कुठल्या हाताला?

९ ऑक्टोबर

फोन परत आपटलास. मी "हॅलो" म्हणायच्या आत. तुझा बाप उचलेल म्हणून तू ठेवतेस, तू असशील म्हणून तो उचलत नाही, आणि मधल्या मध्ये ते यंत्र केकाटत राहतं नि मी ओले हात घेऊन धावते. वयाला शोभेल असं काहीतरी करू दे की मला. म्हणून आज कागद घेतला. शाळा माझी दुसरीत सुटली, अक्षरं जशी पडतील तशी वाच, नाक मुरडू नकोस.

माझ्या नातीला, गोगलगायीला, आशीर्वाद. जेवतेस ना? का त्या शहरात वेळेवर जेवणं कमीपणाचं समजतात?

माझा डोळा बरा आहे. पट्टी सुटल्यापासून लांबचं इतकं लख्ख दिसतं की पलीकडच्या काठावर बगळ्याने मान खाजवली तरी कळतं. जवळचं मात्र सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. चष्मा करायचा राहिला, आणि तो करणारा चष्मेवाला जूनमध्ये कसा गेला ते तुला मी सांगायला नको.

तळ्याभोवतीचा ट्रॅक जूनपासून बंद तो बंदच. दोन्ही तोंडांना साखळ्या, त्यांवर सरकारी पाट्या. भाड्याच्या सायकली शेडमध्ये उलट्या टांगल्यात, वटवाघळांसारख्या. तुझा बाप दिवसभर त्यांच्या खाली बसतो. काय करतो विचारलं तर म्हणतो, "काही नाही." आणि खरंच काही करत नसतो. चहा समोर ठेवला तर पितो, नाही ठेवला तर मागत नाही. दाढी वाढली आहे. विचारते तेवढ्याचं उत्तर देतो, त्यातही निम्मं गिळतो.

आता मुद्द्याचं. पलीकडच्या काठावरचा बाण फिरतो आहे. तूच पांढरा रंग दिला होतास त्याला, म्हणून माझ्या खिडकीतून दिसतो. एक दिवस तळं उजव्या हाताला ठेवून जायचं, दुसऱ्या दिवशी डाव्या, म्हणजे वाट एकाच जागी खचत नाही, हे तुझ्या आज्याचं शास्त्र. पण ट्रॅकवर चाकच नाही, तर बाण कुणासाठी फिरतो? काल उजवा होता. आज डावा. उद्या पुन्हा बघ, उजवा असेल. अगदी तू रोज सकाळी होडीनं जाऊन फिरवायचीस तसा.

पहिल्यांदा मला वाटलं, तंबू ठोकायला येणाऱ्यांची पोरं असतील. पण थंडी पडल्यापासून तिथं तंबू नाहीत. साखळीच्या पलीकडे चिखलात चाकाची खूण असते, एकच. जातानाची. येतानाची मला कुठे सापडली नाही.

आणि पहाटे धुक्यात घंटी वाजते. आपल्या सायकलींच्या प्लॅस्टिकच्या घंट्या कुरकुरतात. ही पितळी आहे, टणक, लांबवर जाणारी. अशी घंटी इकडे येणाऱ्यांत एकाच माणसाच्या सायकलला होती.

मी भुताला भीत नाही. जिवंत माणसांनी मला पुरेसं दमवलं आहे. पण ह्यात कुणाची मस्करी असेल तर मला कळली पाहिजे. होडीच्या साखळीची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे का? कुणाला दिलीस का? तेवढं लिही.

तुझी आजी


२१ ऑक्टोबर

आजी,

अक्षर छान आहे तुझं. मोठं आहे, त्यामुळे ओरडल्यासारखं वाटतं, पण तू तशी बोलतेसच.

जेवते मी. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली धोबीखाना, त्यामुळे जमीन कायम कोमट असते, थंडीत ते बरं. दुकान तळघरात आहे. रस्ता खिडकीच्या वर, म्हणजे दिवसभर लोकांचे बूट दिसतात आणि चाकं. मालकाला सगळे "किल्ली" म्हणतात, कारण दुकान उघडायला तो कायम किल्लीच विसरून येतो. माझ्या हाताखाली रोज शहरातल्या सायकली येतात. कुणाच्याच टायरला माती नसते. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, ह्या लोकांना सायकल चालवता येत नाही की काय.

होडीची किल्ली माझ्याकडे नाही. मी निघताना खिळ्याला टांगून आले.

आणि हे भूतबीत काही नाही. बाबा आहेत ते. दुसरं कोण असणार? तोंडानं बोलायचं नाही, मग हे असं बोलायचं. मी बनवलेला सायकलच्या उडीचा उंचवटा त्यांनी फावड्यानं सपाट केला तेव्हाही तोंडातून एक अक्षर नव्हतं. मी सगळा हिवाळा त्याच्यावर घालवला होता आजी. टोपलीनं माती वाहिली, दगड बसवले, पाणी कुठून जाईल ते बघितलं. एका सकाळी गेले तर सगळं सपाट. घरी आले तर ते चहा पीत होते. "कुणाचं मानगूट मोडेल," एवढंच, तेही तुझ्याकडे बघून. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही हे खरं, पण सुरुवात कुणी केली?

आता ते रोज बाण फिरवतायत म्हणजे मला दाखवतायत. तुला दिसेल, तू मला लिहिशील, हे त्यांना माहीत आहे. बघ, म्हणतायत, तुझा बाण.

त्यांना सांग की मला कळलं. नको. काहीच सांगू नकोस.

बाण डावा असतो तेव्हा कुठे बघतो, खडकाकडे की जंगलाकडे? फक्त विचारते आहे.

घंटीचं मला माहीत नाही. इथे रस्त्यावर दिवसभर घंट्या वाजतात, मी आता ऐकतच नाही.

तुझी,
गोगलगाय


४ नोव्हेंबर

तुझा बाप तुला बाणानं टोमणे मारतो म्हणे! अगं, त्या माणसाला टोमणा मारता आला असता तर माझ्या सुनेनं त्याला सोडलं असतं का? तिला भांडायला माणूस हवा होता, मिळाली भिंत. टोमणा मारायला डोकं चालावं लागतं. त्याचं सध्या कुलूप लावून बंद आहे.

बाण डावा असतो तेव्हा खडकाकडे बघतो. कपारीच्या वळणाकडे. "फक्त विचारते आहे" असं लिहिलंस म्हणून मीही फक्त सांगते आहे.

आता मी जे लिहिते ते बसून वाच.

चष्मेवाल्याची बायको आली होती. पुढच्या दारानं नाही, मागच्या. भाजी निवडत होते. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. अंगावर त्याचाच कोट, बाह्या दुमडलेल्या. दुकान आता तीच चालवते. मला वाटलं सायकल न्यायला आली. ती शेडमध्ये पडली आहे ना, चौकशी झाल्यापासून, तिनं कधी मागितली नाही.

म्हणाली, "सायकल नको. एक विचारायचं होतं. जूनमध्ये ते गेले, त्या सकाळी तुमच्या दुकानात आले होते का?"

"मी त्या वेळी दवाखान्यात होते, डोळ्यावर पट्टी बांधून," म्हटलं. "पण ते नेहमी पलीकडच्या काठावरून सुरुवात करायचे, इकडे येत नसत."

"तेच मी चौकशीच्या साहेबांना सांगितलं," ती म्हणाली. "म्हणजे बाण बघूनच निघाले असणार. साहेब म्हणतात, बाण बरोबर होता, आम्ही स्वतः पाहिला, तुमचा माणूस उलटा गेला. आजी, माझा माणूस लोकांना डावा डोळा झाका, उजवा डोळा झाका सांगत आयुष्यभर बसला. तो डावं-उजवं चुकेल?"

मी म्हटलं, "पाणी घे."

"समोरून येऊन त्यांना धडकलेली शिंपीणबाई माझ्याकडे बघतसुद्धा नाही," ती म्हणाली. "तिच्या खांद्याचं हाड त्यांच्यामुळे मोडलं म्हणते. मुलगा शाळेतून येतो तर पोरं म्हणतात, तुझा बाप उलटा." मग दाराच्या चौकटीवर बोटानं दोन वेळा टकटक केलं, कशाला कोण जाणे, आणि गेली. पाणी प्यायली नाही.

तेव्हा शेडमधून तुझा बाप ऐकत होता. दार अर्धं उघडं होतं. ती गेल्यावर मी आत डोकावले, तर तो भिंतीकडे तोंड करून उभा. एवढा मोठा बाप्या, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा.

आता सरळ विचारते. सरळ उत्तर दे. त्या दिवशी सकाळी तू होडीनं जाऊन बाण कुठल्या हाताला लावलास?

जूनपासून हे तुला कुणी विचारलेलं नाही, मला माहीत आहे. साहेबानं बाण पाहिला आणि वही मिटली. तू दिसलीच नाहीस, असा तुझा बाप वागला. मी डोळ्यात औषध घालून पडले होते. मी घरी आले तर तुझी पेटी बांधून दारात.

उजवं की डावं?

आजी


१६ नोव्हेंबर

आजी,

डावं.

तळं डाव्या हाताला. मी स्वतः बोल्ट आवळला. पाना थंड होता, बोटांना चिकटत होता, ते आठवतं.

आदल्या दिवशी चिखल म्हणून ट्रॅक बंद होता. त्याच्या आदल्या दिवशी उजवं होतं. बंद दिवशी चाकच फिरलं नाही, तर तो दिवस कशाला धरायचा? वाट खचलीच नाही. म्हणून डावं. आणि बाबांनी बंद दिवस धरला. बंद दिवस डावा, म्हणजे आज उजवं, असं त्यांनी दुकानातल्या लोकांना सांगितलं. शिंपीणबाई दुकानाकडून निघाल्या तळं उजव्या हाताला घेऊन, आणि चष्मेवाले माझा बाण बघून पलीकडून. वळणावर कपार एवढी अरुंद आहे की दोन सायकली तिथे मावत नाहीत.

तू घरी असतीस तर चहाच्या वेळी मी तुला म्हटलं असतं, विचार त्यांना आज कुठलं. तू विचारलं असतंस. तू नव्हतीस. चहा झाला, कप धुतले. ते दुकानात गेले, मी होडीकडे.

आता ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शिंपीणबाई रडत मागच्या वाटेनं आल्या तेव्हा मी पळत वळणावर गेले. बराच वेळ तिथे होते. पाण्यावर चष्मेवाल्यांची टोपी होती. मग साहेब आले आणि म्हणाले, पलीकडचा बाण दाखवा. मी त्यांना घेऊन गेले. मला माहीत होतं काय दिसणार. मी चालताना मनात वाक्य जुळवत होते, मी लावला, मी लावला.

बाण उजवा होता.

मी हात लावून बघितला. बोल्ट घट्ट. साहेब म्हणाले, "ठीक आहे, म्हणजे तोच चुकला." जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन मी त्यांच्या मागून परत आले.

तेव्हापासून मला माझ्या हातांची खात्री नाही. मी एखादा स्क्रू आवळते आणि पुन्हा बघते, पुन्हा बघते. किल्ली चिडतो. कधी वाटतं, मी उजवाच लावला असणार आणि डावं मला नंतर सुचलं. कधी वाटतं, त्यांनीच फिरवला. मेल्यावर. मला वाचवायला. हसू नकोस. ते तसेच होते, कुणाला चष्म्याचा नंबर वाढला हेसुद्धा हळूच सांगायचे.

मी खोटं लिहिलं होतं. घंटी मी ऐकते. तळघरात, सगळे गेल्यावर, टांगलेल्या सायकलींतून.

त्यांच्या सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं, अगदी आठ आकडा झाला होता. ती चालूच शकत नाही. जाऊन बघ शेडमध्ये. वाकडं चाक बघितलंस की तुला कळेल, पहाटे जे फिरतं ते ही सायकल नाही. मग मला लिही काय आहे ते.

बाबांना ह्यातलं काही सांगू नकोस.

गो.


२९ नोव्हेंबर

तू सांगितलंस तसं शेडमध्ये गेले. तुझा बाप झोपला होता. सायकल कोपऱ्यात, गोणपाटाखाली. गोणपाट काढलं.

चाक सरळ आहे. तारा नव्या. मी फिरवून बघितलं, जराही डुलत नाही. साखळीला तेल. ब्रेकच्या रबरात ताजा चिखल. घंटी घासून इतकी चकचकीत केली आहे की तिच्यात माझं तोंड दिसलं, भोपळ्यासारखं.

एवढं सरळ चाक ह्या घरात दोघांनाच करता येतं, आणि त्यातली एक तळघरात बसून बूट मोजते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी मी मागच्या दारानं निघाले. काठी घेतली. धुकं एवढं की तळं आहे हे नुसतं वासानं कळत होतं. कपारीचं वळण आपल्या मागच्या दारापासून तसं जवळच, पण ह्या गुडघ्यांना ते परदेश. वळणाच्या अलीकडे मोठ्या दगडाला टेकून उभी राहिले. आधी घंटी ऐकली, मग चाकांखाली खडी. माणूस दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला.

वळणावर येऊन सायकल थांबली. घंटी वाजली, टण, टण. मग काही नाही. कान देऊन उभं असल्यासारखं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण? ह्या जागी दोघंजण मी म्हणू शकतात."

"आई, घरी जा. घसरशील."

"घसरले तर तू आहेस ना बाण फिरवायला," म्हटलं.

पोरी, हे मी अंधारात दगड मारल्यासारखं बोलले होते. पण लागला. तो सायकलवरून उतरला आणि खाली बसला, तिथंच ओल्यात.

मग त्याच्या तोंडून निघालं. तुटक तुटक. त्या दिवशी शिंपीण रडत आली तेव्हा तू वळणाकडे पळालीस आणि तो होडीकडे. पलीकडून आणखी कुणी निघू नये म्हणून थांबवायला गेला होता, त्यात खोट नव्हती. गेला तर बाण डावा. "पाहिला आणि कळलं," म्हणाला, "पोरीनं बंद दिवस धरला नाही. आता सगळे म्हणणार हिनं मारलं. खिशात पाना होता." त्यानं फिरवला. बोल्ट आवळला. एवढंच करायला किती वेळ लागतो?

"आणि त्या माणसाचं काय?" मी विचारलं.

"तो तर गेलाच होता, आई."

असं त्याला त्या वेळी वाटलं. मेलेल्याला काय फरक पडतो. पण ते मनात टिकेना, आणि त्यात चष्मेवाल्याची बायको चालत आली आणि चौकटीवर टकटक करून गेली.

ती यायच्या कितीतरी आधीपासून तो दर पहाटे चष्मेवाल्याची सायकल काढतो आणि तळं डाव्या हाताला घेऊन निघतो. पलीकडे जाऊन बाण तू लावला होतास तसा लावतो. दुसऱ्या दिवशी भीती वाटते, कुणी बघितलं तर, म्हणून पुन्हा उजवा करतो. दिवसाआड. पुढे ह्या वळणावर येतो, आणि परत शेडच्या मागून फळ्यांवरून, तिथं चाकाची खूण उमटत नाही, म्हणून मला सापडली नाही.

"वळणावर थांबून काय करतोस?" मी विचारलं.

"घंटी वाजवतो. समोरून कुणी येतंय का बघतो. कुणीतरी वाजवायला हवी होती त्या दिवशी."

"मग? येतं कुणी?"

तो म्हणाला, "एकदा वाजली. समोरून."

"वारा असेल."

"ही घंटी अंगठ्यानं वाजते, आई."

मी त्याला उठवलं. सायकल मी धरली, त्यानं काठी घेतली, अशी आमची वरात निघाली. मागे वळताना आम्ही दोघं एकदमच थांबलो. माझे दोन्ही हात हँडलवर होते, घंटीला बोट नव्हतं. मी काय ऐकलं ते तुला लिहिणार नाही. लिहिलं तर तू भुतासाठी येशील, आणि इथं तुझी गरज जिवंत माणसाला आहे.

त्याचं पुढचं चाक कुठं होतं ते मात्र लिहिते. तो थांबला होता तिथं कपारीच्या कडेच्या बाहेर वीतभर. खाली पाणी. तो म्हणतो धुक्यात कळलं नाही. मी त्याची आई आहे. काय कळलं नाही आणि काय कळूनही चाललं, हे मला ओळखता येतं.

तू विचारशील, बंद दिवस धरायचा की नाही, कोण बरोबर. दोघंही बरोबर. म्हणून तर माणूस मेला. तुझ्या आज्यानं असा नियम कधी केलाच नव्हता. तो बंद दिवसानंतर सकाळी चहाला बसला की विचारायचा, "आज तळं कुठल्या हाताला?" जो जागा असेल तो काहीतरी सांगायचा आणि मग तेच. विचारायचं, एवढाच तो नियम. तुम्ही दोघांनी विचारायचं काम माझ्यावर टाकलं, आणि मी डोळा कापायला गेले.

आजी


१० डिसेंबर

आजी,

घाईत लिहिते आहे, वाचता येईल ना?

म्हणजे मी डावाच लावला होता. मला वेड लागलेलं नाही. हे वाचून मी आधी हसले, मग किल्लीनं मला खुर्चीत बसवलं.

बाबांना सांग, मी रागावलेली नाही. सांग, उडीचं मी विसरले. त्यांना सांग सायकलला हात लावू नका, पहाटे बाहेर पडू नका, दार लावून घ्या. सांग की बाण मी लावला, तेव्हा बोलायचं असेल तर मी बोलेन, साहेबांकडे मी येईन, त्यांच्या बायकोकडेही येईन. त्यांनी माझ्यासाठी आणखी काही करू नये. आणि त्यांना विचार, त्यांना हे चालेल का. चालत असेल तर मी निघते. नसेल तर नाही येणार, त्यांना माझं तोंड बघायला नको असेल तर.

सांगशील ना? लगेच सांग.

गोगलगाय


१८ डिसेंबर

नाही सांगितलं.

तुझं पत्र माझ्या उशाखाली आहे आणि तिथंच राहील. सांग, सांग, सांग, विचार. एका पानात किती वेळा लिहिलंस ते बघ. मी काय तुमच्या दोघांमधली दोरी आहे, दोन्हीकडून ओढायला? ह्याच कामावर तुम्ही मला ठेवलं होतंत, एक दिवस मी नव्हते आणि काय झालं ते तुला माहीत आहे. मी आणखी किती दिवस असणार? पुढच्या वेळी दवाखान्यात जाईन ते डोळ्यासाठी नसेल.

त्याची गंमत ऐक. त्यालाही तुझ्यासारखंच सुचलं. परवा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, त्या बाईला खरं सांगावं म्हणतो. साहेबांकडेही जावं म्हणतो. पण सांगितलं की पोरगी अडकते. तिला विचारशील का, चालेल का तिला?" तीच वाक्यं. मायलेकरं असती तर समजलं असतं, हे बापलेकीत कुठून आलं? मी उठून भांडी घासायला गेले.

मी चष्मेवाल्याच्या सायकलचं पुढचं चाक काढून माझ्या पलंगाखाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता तो पायी जातो. घंटी काढून खिशात घालून जातो. काल चहा दोन वेळा गरम केला तरी आला नाही. मी गेले वळणावर. कडेला उभा होता, बूट काढून बाजूला नीट ठेवले होते. "पाय भिजले होते," म्हणाला. बूट कोरडे होते. मी हात लावून बघितले. कान धरून आणायचं त्याचं वय नाही, म्हणून बाही धरून आणला.

आता मी रोज जाते त्याच्या मागे. पण माझे गुडघे त्याच्या पायांइतके जलद नाहीत, आणि धुकं दाट होत चाललं आहे. वळणाच्या पलीकडून जे काही वाजतं ते त्याला बोलावतं. मी ऐकलेलं आहे, मला शिकवू नकोस. त्या आवाजावर त्याच्याकडे उत्तर नाही. त्याला ऐकायला दुसरा आवाज हवा, आणि तो माझा असून चालणार नाही. माझा तो जन्मभर ऐकतो आहे, त्याला मी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

तेव्हा नीट वाच. ह्या पत्राचं उत्तर मला लिहायचं नाही. माझ्या नावाचं पाकीट आलं तर मी पोस्टमनच्या हातात परत देणार, न फोडता. तू त्याला लिहायचं. पहिल्या ओळीत, मी बाण डावा लावला. दुसऱ्या ओळीत, तुम्ही उजवा का केलात. पुढचं तुझं तुला सुचेल. येतेस तर कधी येतेस ते त्याला सांग, मला नको. चष्मेवाल्याच्या दारात आधी कुणी बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दोघांनी जायचं.

टपाल इथे दुपारी येतं. तो दारात उभा असेल, मी बघेन. कागद आणि पेन शेडमध्ये ठेवलं आहे. तुझं आलं की त्यानं वाचायचं, आणि तुला उत्तर त्यानंच लिहायचं. मी नाही.